फेस: उतार धरला की नदी, चढ धरला की वेस

मोरोक्कोतल्या फेससाठी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा निवडला, तो हवेसाठी आणि फळांसाठी. जुलै-ऑगस्टात इथे दुपारी पारा ३५च्या वर असतो आणि भिंती रात्रीसुद्धा निवत नाहीत. नोव्हेंबर अर्धा सरला की पाऊस लागतो. घरांची तोंडं आतल्या चौकाकडे, त्यामुळे खोल्यांत ऊन येत नाही आणि गारठा हाडांत शिरतो. मधल्या चार-पाच आठवड्यांत दिवसा साधारण २५ अंश, रात्री १२-१३, आणि हातगाड्यांवर डाळिंबं, नवा खजूर, बिही यांचे ढीग. आपल्याकडे बिहीदाणा माहीत असतो, त्याचं अख्खं फळ इथे पाहायला मिळतं.

निघण्यापूर्वीचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, तो बराच आधी काढावा. तिथलं चलन दिरहम, ते देशाबाहेर सहसा मिळत नाही. युरो न्यावेत आणि तिथे बदलावेत. १० ची नाणी आणि २० च्या नोटा मिळतील तितक्या जमवाव्यात, कारण गल्लीत २०० च्या नोटेला सुटं कुणाकडेच नसतं. घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे. प्लग युरोपसारखे दोन बारीक गोल पिनांचे. आपला जाड तीन पिनांचा तिथे बसत नाही. ६ नोव्हेंबर आणि १८ नोव्हेंबर या राष्ट्रीय सुट्ट्या, त्या टाळलेल्या बऱ्या.

बुधवार: खाली उतरणं

मुंबईहून वाटेत विमान बदलून कासाब्लांका, तिथून रेल्वेने चारेक तासांत फेस. स्टेशन फ्रेंचांनी वसवलेल्या नव्या शहरात आहे. बाहेर लाल रंगाच्या छोट्या टॅक्सी उभ्या असतात. त्यांत तीनच प्रवासी बसतात, भाडं मीटरने, आणि रात्री आठनंतर दीडपट. मीटर टाकायला सांगितल्यावर ड्रायव्हरने हात हलवला तर मागची टॅक्सी धरावी. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

जुन्या शहरात, म्हणजे फेस अल-बालीत, गाडी जात नाही. टॅक्सी वेशीपर्यंतच. म्हणून राहण्याचं ठिकाण ठरवताना सर्वात आधी विचारायचं ते हे: कोणत्या वेशीतून किती मिनिटं चालायचं, आणि वाटेत पायऱ्या किती? बू जलूद, बत्हा, ऐन अझलितेन आणि खालचा रसीफ या चार जागी टॅक्सी पोचते. तिथून सामान ‘कारोसा’ नावाच्या हातगाडीवरून जातं. आमच्या गाडीवाल्याने २० दिरहम घेतले आणि अंधाऱ्या बोळांतून अशा वेगाने उतरत गेला, की मागे पळताना धाप लागली.

या शहराची एक खूण पहिल्याच दिवशी मनाशी पक्की करावी. फेस खोलगट दरीत वसलंय. मधून नदी जाते, तिचा बराच भाग आता रस्त्याखाली झाकलेला आहे. दोन्ही काठ वर चढत जातात आणि वेशी उंचावर आहेत. गल्ल्या दीड-दोन मीटर रुंद, भिंती तीन मजले उंच. फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका सारखा शेजारच्या बोळात उडी मारतो. तिथे भरवसा पायांवर ठेवायचा. उतार धरला की करवीयीन मशीद आणि रसीफ, चढ धरला की बू जलूद. इथे नऊ हजारांवर गल्ल्या आहेत असं सांगतात. त्यांतल्या बऱ्याच आंधळ्या, पण मोठ्या वाटा उताराच्याच दिशेने जातात.

मुक्कामाची जागा म्हणजे चौकाचा वाडाच. मधल्या चौकात झाडं आणि पाणी असेल तर ‘रियाद’, नुसता फरसबंद चौक असेल तर ‘दार’. जाहिरातीत सगळेच रियाद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खोलीला हीटर आहे का, हे विचारूनच ठरवावं. तळमजल्याची खोली दिसायला देखणी, पण ओल तिथेच जास्त.

गुरुवार: वरून खाली

सकाळी आठला बू जलूदच्या निळ्या वेशीतून सुरुवात. वेस जुनी वाटते, पण ती १९१३ची, फ्रेंच अमलातली. आत शिरताच दोन समांतर रस्ते खाली जातात: तलआ कबीरा आणि तलआ सगीरा, म्हणजे मोठा चढ आणि धाकटा चढ. कबीराने उतरावं, सगीराने परतावं.

न्याहारी बिसाराची. सुकवलेल्या बाकल्याच्या डाळीचं हे दाट पिठलं कढईएवढ्या मडक्यात रटरटत असतं. वर ऑलिव्ह तेलाची धार, जिरेपूड, तिखट. सोबत गरम गोल पाव. दुकानं पहाटेपासून चालू, दुपारपर्यंत मडकं रिकामं. शाकाहारी माणसाला या शहरात डोळे मिटून खाता येईल असा हा एकच पदार्थ. बाकी ठिकाणी ‘ब्ला लहम’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही, कारण कोंबडी ‘लहम’मध्ये धरत नाहीत. ‘ब्ला लहम, ब्ला दजाज’ असं पुरं म्हणायचं. हरीरा सूपमध्ये बहुधा मांस असतं. भाज्यांचं ताजीन, म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेली भाजी, हाडाच्या रश्श्यात शिजलेलं असू शकतं, म्हणून आधी विचारावं. झालूक हे वांग्याचं भरीत आणि तक्तूका हे भाजलेल्या सिमला मिरची-टोमॅटोचं, ही दोन्ही मात्र पोटभर मिळतात.

उतारावर लगेच बू इनानिया मदरसा. मरिनी घराण्यातल्या सुलतान अबू इनान याने १३५०च्या दशकात बांधलेला. तिकीट २० दिरहम. आत आजही नमाज होते. इतरांना चौकापर्यंतच जाता येतं, आणि नमाजाच्या वेळी तेही नाही. भिंत खालून वर वाचावी. कमरेपर्यंत ‘झेलीज’ म्हणजे तुकड्यातुकड्यांच्या फरशीची नक्षी, तिच्यावर कोरीव चुनेगच्ची, सर्वात वर मधल्या अॅटलासमधला देवदार. हाताला लागेल तिथे टणक फरशी, पाऊस लागेल तिथे लाकडाचे पुढे आलेले छज्जे. ही वाटणी एकदा ध्यानात आली की पुढच्या सगळ्या इमारती कळू लागतात. समोरच्या भिंतीवर १३५७चं जलघड्याळ आहे, दार अल-मगाना. मूळ रचना १३ पितळी वाट्यांची, वर खिडक्यांची रांग. यंत्र नाहीसं झालंय; ते नेमकं कसं चालायचं यावर अजून तर्क लढवले जातात.

इथून पुढे गर्दी, आणि गर्दीत खेचरं. गॅसची सिलिंडरं, ओली कातडी, कोल्ड्रिंकच्या पेट्या, सगळी वाहतूक त्यांच्या पाठीवर. मागून ‘बालाक! बालाक!’ ऐकू आलं की वळून बघत बसू नये; भिंतीला पाठ लावावी आणि पाठीवरची सॅक आधीच पोटावर घेतलेली असावी, कारण ओझं अडकतं ते सॅकच्या पट्ट्यांत. जोडे पकड असलेले हवेत. फरसबंदी झिजून गुळगुळीत झालीय आणि दुकानदार सकाळी तिच्यावर पाणी मारतात.

‘पुढे रस्ता बंद आहे’ असं सांगणारी पोरं याच टप्प्यात भेटतात. रस्ता बंद नसतो. न थांबता ‘ला, शुक्रन’ एवढंच म्हणायचं. भारतीय चेहरा दिसला की मात्र शाहरुख खानच्या नावाने हाका येतात, त्या बहुतेक निव्वळ आनंदाच्या. वाटाड्या हवा असेल तर पहिल्या दिवशी अर्धा दिवस अधिकृत बिल्ला असलेला घ्यावा, आणि ‘दुकानं नकोत’ हे पैसे ठरवतानाच सांगावं. दुकानदार त्याला देतो ते कमिशन शेवटी आपल्याच बिलात चढतं.

खाली नज्जारीन, म्हणजे सुतारांचा चौक. तिथली व्यापाऱ्यांची जुनी सराई आता लाकडी वस्तूंचं संग्रहालय आहे आणि तिच्या गच्चीवर चहा मिळतो. चौकातला फरशीकामाचा हौद बघून पुण्यात कात्रजचं पाणी नळाने हौदांत खेळवलं होतं ते आठवतं. इथेही नदीचं पाणी शतकानुशतकं पाटांनी आणि नळांनी मशिदी, हमामखाने, घरं यांत उताराच्याच जोरावर पोचवलेलं. जवळच शहर वसवणाऱ्या मौले इद्रीस दुसऱ्याचा दर्गा. गल्लीत आडवा लाकडी दांडा दिसतो, तिथून पुढे खेचर नाही.

मग अत्तारीन, अत्तर-मसाल्यांची पेठ, शब्द आपलाच. १३२३ ते १३२५ मध्ये उभा राहिलेला तिथला मदरसा बू इनानियापेक्षा लहान, पण काम अधिक नाजूक. वेळ एकाच मदरशाला असेल तर हा बघावा. वर चढून विद्यार्थ्यांच्या खोल्या जरूर पाहाव्यात. चौकातली श्रीमंती आणि त्या कोंदट खोल्या एकाच संस्थेच्या आहेत हे पटायला वेळ लागतो.

पलीकडे करवीयीन. ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेल्या कुटुंबातल्या फातिमा अल-फिहरी यांनी ८५९ मध्ये ही मशीद स्थापली, अशी परंपरा सांगते. पुढे ती मोठं विद्यापीठ झाली. मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. दारं पुष्कळ आहेत, त्यांतून फरशीचा चौक आणि कारंजी दिसतात. दारात उभं राहून बघायला कुणी हरकत घेत नाही. आत पाऊल आणि नमाज पढणाऱ्यांचे फोटो मात्र नकोत. मशिदीचं ग्रंथालय ओलीने पोखरलं होतं. फेसमध्येच जन्मलेल्या वास्तुविशारद अझीझा शाऊनी यांनी त्याचं काम हाती घेतलं आणि २०१६च्या सुमारास ते पुरं झालं.

ग्रंथालयाच्या दाराबाहेरच सफ्फारीन, म्हणजे चक्क तांबट आळी. पुण्याच्या कसबा पेठेतली आठवावी असाच ठोक्यांचा नाद, फक्त मोकळ्या चौकात. लग्नाकार्यातले मोठाले हंडे इथे घडतात आणि भाड्यानेही जातात. हातोड्याने घडवलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा एकसारख्या नसतात. सगळ्या अगदी सारख्या असतील तर माल साच्यातला.

शुआराचे कातडी कमावायचे हौद सर्वात शेवटी येतात, आणि ते नदीलगतच का, हे एव्हाना सांगावं लागत नाही. पाणी भरपूर हवं आणि घाण खाली वाहून जायला हवी. तिकीट नाही. भोवतालच्या चामड्याच्या दुकानांतून वर गच्चीत जायचं. दारात पुदिन्याची काडी देतात, ती नाकाशी. पांढऱ्या हौदांत चुन्याची निवळी आणि कबुतरांची विष्ठा: चुन्याने केस सुटतात, विष्ठेने कातडं मऊ पडतं. त्यानंतर तपकिरी हौदांत रंग. पिवळा महाग, म्हणून तो हौदात न बुडवता हाताने चोळतात, असं गच्चीवरचा माणूस सांगतो. सगळे रंग खसखशीचे आणि केशराचे, असंही तो सांगतो. ते ऐकून घ्यावं. काही घ्यायचं नसेल तर १०-२० दिरहम हातावर ठेवून निघावं. चांगला उजेड आणि चालू काम दोन्ही हवं असेल तर सकाळी अकराच्या आसपास यावं. शरदात वास निम्मा, ही या मोसमाची मोठी सोय.

कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात, ते ज्याला माहीत आहे त्याने इथली ‘बल्गा’ म्हणजे पिवळी सपाट चप्पल घेताना तीच नजर वापरावी. तळाची शिलाई बघावी, आतून वास घ्यावा, ओल्या रुमालाने रंग घासून बघावा. वास उग्र असेल तर तो महिनोन्महिने जात नाही. दुकानदार लायटर लावून ‘बघा, जळत नाही’ दाखवतो. ती परीक्षा बिनकामाची.

शुक्रवार: पेठा बंद

शुक्रवारी जुन्या शहरातली बहुतेक दुकानं बंद, हौदही सुनसान. फेसमध्ये दोनच दिवस असतील तर त्यांत शुक्रवार येऊ देऊ नये. चार असतील तर हा दिवस वरच्या, नव्या फेससाठी. ‘नवं’ म्हणजे १२७६चं, मरिनींनी वसवलेलं फेस अल-जदीद. राजवाड्याच्या पितळी दरवाजांचे फोटो काढता येतात, पहारेकऱ्यांचे नाहीत. शेजारी मल्लाह, १४३८ पासूनची ज्यूंची वस्ती. नावाच्या मुळाशी मीठ आहे. इथल्या घरांना रस्त्याकडे लाकडी सज्जे आहेत, तर खालच्या जुन्या शहरातल्या घरांच्या भिंती रस्त्याकडे मुक्या. सतराव्या शतकातलं इब्न दनान सिनेगॉग लहान आहे, पण बघावंच. पलीकडच्या दफनभूमीतल्या पांढऱ्या कबरी थेट उतारावर रांगेने मांडल्यासारख्या.

दुपारी कुसकुस, कारण शुक्रवार. घरोघरी हाच बेत. रवा तीनदा वाफवतात, दर वेळी उपसून, हाताने मोकळा करून. खाली उकळतो तो रस्सा बहुधा मांसाचा, म्हणून शाकाहारी कुसकुस आदल्या दिवशी सांगून ठेवावा. सोबत ‘लबन’ देतात, ते म्हणजे ताक. मराठी पोटाला त्या एका पेल्याने घरी आल्यासारखं होतं.

संध्याकाळी मरिनी कबरींच्या टेकडीवर. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पोचावं, अंधार पडण्याआधी उतरावं; वाट निर्जन आहे. वरून ती दरी पहिल्यांदा अख्खी दिसते: हिरव्या कौलांची करवीयीन तळाशी, वेशी कडेने. मगरीबची बांग एका मिनारावरून सुरू होते आणि शेकडो मिनारांवरून थोडी थोडी मागेपुढे येत राहते. तेवढ्यासाठी शुक्रवार कारणी लागला. जाताना स्वेटर न्यावा, वर वारा असतो.

शनिवार: दुसरा काठ आणि भट्ट्या

सकाळी रसीफवरून नदी ओलांडून अंदलुसी काठावर. हे शहर जोडशहर आहे. इद्रीस पहिला याने ७८९ मध्ये एका काठावर वस्ती केली, त्याच्या मुलाने ८०९ मध्ये दुसऱ्या. पुढे स्पेनमधल्या कोर्दोबाहून परागंदा झालेले लोक एकीकडे आणि कैरवानचे दुसरीकडे राहिले. अकराव्या शतकात मुराबित घराण्याने दोन्ही गावं एका तटात घेईपर्यंत त्यांचं फारसं जमत नव्हतं. अंदलुसी बाजूला पर्यटक कमी, भाव खरे.

गल्लीतला ‘फर्रान’ म्हणजे सामाईक भट्टी इथे नीट बघता आली. पोरं घरून कणकेचे गोळे फळीवर कापडाखाली घेऊन येतात, तासाभराने पाव घेऊन जातात. कुठल्याच फळीवर नाव नव्हतं. भट्टीवाल्या चाचांना विचारलं तर हसले. प्रत्येक घरच्या बाईचा हात वेगळा, म्हणाले.

तिथून टॅक्सीने ऐन नुक्बीला, कुंभारवाड्यात. करड्या मातीच्या फरश्या वाळवून, भाजून, झिलई देऊन पुन्हा भाजतात. मग मांडी घालून बसलेला कारागीर जड छिन्नीने त्यांचे तारे, बदाम, पट्ट्या तोडतो. नक्षी जुळवतात ती उपडी. रंगीत बाजू जमिनीकडे, कारागिराला दिसते ती नुसती मातीची पाठ, आणि रंग त्याच्या डोक्यात. जुळली की वरून गारा ओततात. भट्टीत परंपरेने ऑलिव्हचा चोथा जळण म्हणून जातो, त्याचा धूर काळा आणि तेलकट. निळ्या भांड्यांत जेवण वाढायचं असेल तर झिलईत शिसं आहे का ते विचारावं, आणि उत्तर चाचरत आलं तर ते भांडं भिंतीवर टांगायला घ्यावं.

‘कॅक्टस सिल्क’च्या शाली आणि अभ्रे जागोजागी मिळतात. त्यांतलं बरंचसं रेयॉन किंवा पॉलिस्टर असतं. सुटा धागा जाळून बघावा: कागदासारखा जळून राख झाली तर रेयॉन, वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर. रेयॉन वाईट नाही. रेशमाच्या भावात घेऊ नये एवढंच. किंमत विचारायला ‘ब्शहाल?’, महाग वाटलं तर ‘गाली बज्जाफ’, आणि पुरे म्हणायला ‘साफी’.

जेवण पस्तीयाचं. तिचा पापुद्रा, ‘वरका’, उलट्या तापलेल्या भांड्यावर कणकेचा ओला गोळा टेकवत टेकवत करतात. खापरावरचे मांडे पाहिलेल्याला तो हात ओळखीचा वाटतो. आत पूर्वी कबुतर, आता बहुधा कोंबडी, बदाम, आणि वर पिठीसाखर-दालचिनी. पहिल्या घासाला गोंधळ होतो, तिसऱ्याला सवय.

संध्याकाळी मोहल्ल्यातला हमामखाना. बायकांच्या आणि पुरुषांच्या वेळा किंवा दारं वेगळी. आत अंतर्वस्त्र काढायचं नाही. ऑलिव्हचा काळा ‘साबून बल्दी’, खरखरीत हातमोजा आणि मुलतानीसारखी ‘गसूल’ माती बाहेर विकत घेऊन जावं. बादली, चटई, कोरडे कपडे आपले. चोळणाऱ्याला दाब कमी हवा असेल तर ‘ब्श्विया’ म्हणावं, तेही लवकर.

रविवार: जिथून फेस निघालं

रेल्वेने पाऊण तासात मेकनेस, तिथून मोठी टॅक्सी येण्याजाण्यासह आणि थांब्यासह ४०० दिरहमला ठरवून वोलुबिलिस. हे रोमन शहर आधी बघून फेसला जावं की नंतर, यावर मत देता येईल: नंतर. इद्रीस पहिला ७८८ मध्ये इथेच, तेव्हाच्या वलिलीत, आला होता, आणि फेस त्यानंतरचं. सपाट माळावर सरळ रेषेतले रस्ते बघताना त्या दरीतल्या बोळांचा वेगळेपणा डोळ्यांत भरतो. रोमन सम्राट काराकल्लाची कमान २१७ची. ऑर्फियसच्या घरातली आणि गाढवावर उलट्या तोंडाने बसलेल्या कसरतपटूची फरसचित्रं चुकवू नयेत. तेलाचे ५०हून जास्त घाणे सापडलेत आणि कुंपणापलीकडे आजही ऑलिव्हचीच झाडं आहेत. सावली अजिबात नाही. ऑक्टोबरातही सकाळी दहापूर्वी आत असावं, टोपी आणि माणशी दीड लिटर पाणी घेऊन.

परतीच्या वाटेवर मौले इद्रीस झरहून, इद्रीस पहिल्याचं समाधिस्थान. चहात इथे पुदिन्याबरोबर ‘शीबा’ची काडी होती, जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्या कुळातली, कडवट. थंडी लागली की ती घालतात. मेकनेसला बाब मन्सूर या वेशीपुरता अर्धा तास पुरला.

सोमवार: वर चढणं

उरलेले दिरहम देशाबाहेर निरुपयोगी, म्हणून सकाळी खजूर आणि ऑलिव्हमध्ये संपवले. ऑलिव्ह चेक-इन सामानात, पाणी काढून, दुहेरी पिशवीत. पैसे बदलल्याची पावती जपली असेल तर विमानतळावर दिरहमचे पुन्हा युरो करूनही मिळतात.

सामान न्यायला तोच गाडीवाला आला. या वेळी ३० दिरहम म्हणाला. बॅगा त्याच, अंतर तेच, मग १० जास्त कशाचे? त्याने उत्तर न देता गल्लीच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवलं. येताना निळी दिसलेली वेस आतल्या बाजूने हिरवी आहे, आणि तिथवर सगळा चढ.